पोलीस दप्तरातील माणसांविषयी

माननीय पोलीस अधीक्षक, वाशिम जिल्हा, यांस



आपल्या कचेरीत रोज येणाऱ्या कागदांत चोरीच्या फिर्यादी असतील, बांधावरच्या तंट्यांच्या कैफियती असतील, हरवलेल्या माणसांसाठी केलेल्या विनवण्या असतील. हे पत्र त्यांपैकी कोणत्याच सदरात बसणारे नाही, कारण त्यात मी स्वतःसाठी काही मागत नाही आणि ज्यांच्यासाठी मागतो आहे त्यांनी मला वकीलपत्र दिलेले नाही. तरीही ते लिहिणे मला अगत्याचे वाटते, आणि खाजगी टपालाने न धाडता सर्वांदेखत लिहिणेच उचित वाटते. ज्या व्यवहाराविषयी मला बोलायचे आहे तो एकट्या आपल्या खात्याचा नाही. त्यात आम्हा पापभीरू, घरदार सांभाळून राहणाऱ्या नागरिकांचा हिस्सा फार मोठा आहे. तो व्यवहार असा की, आम्हांस निर्धास्त झोप लागावी म्हणून राज्यसंस्थेने काही माणसांवर अहोरात्र नजर ठेवावी, त्यांच्या जाण्यायेण्याची टिपणे करावीत, आणि त्या टिपणांचा हिशेब आम्ही कधी विचारू नये.

असा हिशेब कोणी विचारू लागला की एक ठरलेले उत्तर पुढे येते: ज्याने काही केलेले नाही त्याला भय कशाचे? हे उत्तर मी शिक्षकांकडून ऐकले आहे, अडत्यांकडून ऐकले आहे, वकिली करणाऱ्या मित्रांकडूनही ऐकले आहे. ही माणसे दुष्ट नाहीत. आपल्या घरी पोलीस येईल तर आपण बोलावल्यावरच येईल, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव असल्यामुळे त्यांना ते उत्तर निर्णायक वाटते. परंतु त्याच तालुक्यात, त्याच तहसिलीच्या हद्दीत, पक्क्या सडकेपासून थोडे आत पारध्यांचा बेडा, म्हणजे त्यांची वस्ती, असतो, आणि तेथील अनुभव याच्या नेमका उलट आहे. एडवर्ड स्नोडेन याने २०१३ साली अमेरिकन सरकारच्या जगव्यापी टेहळणीची कागदपत्रे उघड केली तेव्हा सुशिक्षित जग हादरले. आपण काहीही केलेले नसताना सरकार आपली नोंद ठेवते, ही वार्ता बेड्यावर मात्र चार पिढ्यांची जुनी होती.

१८७१ च्या ऑक्टोबरात इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोरच होणार, हा त्यामागचा तर्क त्या वेळी उघडपणे मांडला गेला. सरकारने एखादी जमात जाहीर करावी. मग तिच्यातील माणसांनी नावे नोंदवावीत, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून ठरवून दिलेली हद्द ओलांडू नये, आणि यांत कसूर झाल्यास तोच स्वतंत्र गुन्हा समजला जावा, अशी ती योजना होती. त्या कायद्यातील सर्वांत बोलके कलम मला हे वाटते की, सरकारने काढलेली अशी अधिसूचना योग्य रीतीने निघाली की नाही, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने विचारू नये. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लावण्याजोगा झाला, १९२४ साली तो नव्याने बांधला गेला, आणि पारध्यांचे, बंजाऱ्यांचे व इतर कितीतरी जमातींचे निरनिराळे गट निरनिराळ्या प्रांतांत त्याच्या कचाट्यात सापडले. तान्हे मूल त्या जमातीत जन्मले एवढ्यानेच ते सरकारच्या नजरेखाली आले. त्या मुलाने काय केले होते? ज्याने काही केलेले नाही त्याला भय कशाचे, असे विचारणाऱ्या माझ्या सज्जन मित्रांनी या मुलास उत्तर द्यावे.

आमच्या वऱ्हाडात नजर ठेवणे आणि माहिती गोळा करणे ही दोन कामे पहिल्यापासून एकाच हाताने झाली, हे आपणांस कदाचित विशेष वाटेल. बंजारा समाजाविषयी आरंभीच्या काळात जे विस्तृत इंग्रजी लेखन झाले त्यातील एक प्रमुख टिपण वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याचे होते. ते १८६९ च्या सुमारास लिहिले गेले असे मानतात व १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतांतील जाती-जमातींवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यातील बंजाऱ्यांचे प्रकरण मुख्यतः याच टिपणावर उभे राहिले. त्यात माहिती पुष्कळ आहे, आणि अभ्यासकाला ती आजही उपयोगी पडते. पण पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून साऱ्या मुलखाचा व्यापार चालविणाऱ्या समाजाची ओळख ग्रंथांतून जगाला झाली ती पोलीस अधिकाऱ्याच्या लेखणीने, ही गोष्ट किरकोळ नव्हे. चरित्र लिहिणारा जर पहारेकरी असेल तर चरित्रनायक संशयितच ठरणार.

त्याच समाजातील, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आपल्याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे, जेथे रामनवमीला देशभरातून तांडेच्या तांडे येतात, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी आपल्या खात्याचा बंदोबस्त किती मोठा असेल याची मला कल्पना आहे. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ ऑक्टोबर रोजी, सुकन्या शांता या पत्रकार भगिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध निकाल दिला, आणि तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या माणसांना जन्मतःच सराईत समजणारी जी कलमे तोवर शिल्लक होती ती घटनाबाह्य ठरविली. एकीकडे संग्रहालय आणि दुसरीकडे, कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटल्यावरही, त्याची मुळे उपटण्यासाठी न्यायालयाचा हुकूम! या दोन तारखा मी एकमेकींपासून वेगळ्या करू शकत नाही.

मुंबई राज्याने गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९४९ मध्येच मोडीत काढला होता. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला, आणि म्हणून तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण जमातीच्या जागी व्यक्ती घालून सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत झाले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा आहे. जमातीऐवजी व्यक्ती पाहावी हे तत्त्व निर्दोष आहे आणि मला मान्य आहे. परंतु कागदावर व्यक्ती आली तरी नोंद करणाऱ्याच्या मनात जमातच राहिली, आणि बेड्यावर त्याची झळ कशी पोचते हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गावात चोरी होते. सोयाबीनची पोती जातात, विहिरीवरची मोटार किंवा तिची तांब्याची केबल जाते, गोठ्यातली जोडी सोडून नेली जाते. आणि पंचनाम्याची शाई वाळण्याआधी गावकऱ्यांच्या तोंडून एकच दिशा सांगितली जाते. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे गावची खबर ठाण्याला देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्यच आहे, आणि गावची खबर म्हणजे बहुधा गावचा पूर्वग्रह. मग पहाटे गाडी जाते, दोघा-चौघांना ‘चौकशीसाठी’ उचलून आणले जाते, सायंकाळी सोडून दिले जाते. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि पुढच्या वेळी उचलायला मागच्या वेळी उचलले होते हेच कारण पुरते.

मी बरीच वर्षे शाळेत शिकविले. एकदा वर्गात एका मुलीची कंपासपेटी दिसेनाशी झाली. तिने तसे सांगितले, वर्गात कुजबूज सुरू झाली, आणि मी काही बोलण्यापूर्वीच शेवटच्या बाकावरचा बेड्यातला मुलगा उठला, पुढे आला, आणि आपले दप्तर त्याने माझ्या टेबलावर पालथे केले. दोन वह्या, टोकाकडून कुरतडलेली एक पेन्सिल, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि तितराचे एक पीस. त्याच्याकडे कोणी बोट दाखविले नव्हते, कोणी त्याचे नावही घेतले नव्हते. पण आपल्यावर संशय येणारच आणि तो येण्यापूर्वी आपण झडती दिलेली बरी, एवढे शहाणपण नवव्या-दहाव्या वर्षी त्याच्या अंगी बाणले होते. त्या कृतीला आम्ही कोणी प्रामाणिकपणा म्हणू नये. प्रामाणिकपणा हा मोकळ्या माणसाचा गुण आहे. लबाडी करण्याची संधी असून जो ती करीत नाही, आणि आपण ती केली नाही हे ज्याच्या त्याच्या अंतर्यामालाच ठाऊक असते, त्याच्या ठिकाणी तो वसतो. ज्याला कायम झडती देऊनच आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागते त्याच्याकडून नीती वाढविण्याची संधीच आम्ही हिरावून घेतलेली असते, आणि मग त्याच्यात नीती नाही असा शेरा आम्हीच त्याच्या नावापुढे मारतो.

ते तितराचे पीस माझ्या ध्यानात राहिले त्यालाही कारण आहे. बारीक फासांची रांग गवतात मांडून, पाळीव जनावराच्या आडोशाने पुढे सरकत तितर-लावे धरण्याची पारध्यांची विद्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरली; कायदा आवश्यक होता, पण त्या विद्येवर जगणाऱ्यांचे पुढे काय, याची तजवीज झाली नाही. जात्याला टाकी लावून देणाऱ्या टाकणकर पारध्यांचा धंदा तर पिठाच्या गिरण्यांनीच बुडविला. आणि तरीही, पावसाळ्यात गवतावरून उड्या घेणारा तणमोर हा दुर्मीळ पक्षी अकोला-वाशिमच्या माळरानांवर कोठे आहे हे शोधण्याची वेळ पक्षितज्ज्ञांवर आली तेव्हा त्यांना वाट दाखविली ती फासेपारध्यांनीच. गवताच्या एका काडीच्या हालचालीवरून पक्षी ओळखणारी त्यांची नजर राखण्याच्या कामी आली. माणूस कोणावर नजर ठेवतो यापेक्षा कशासाठी ठेवतो याला अधिक महत्त्व आहे, आणि आपल्या खात्याचीही नजर राखणारी असावी, असे मला कळकळीने सांगावयाचे आहे.

सुरक्षितता ही क्षुल्लक वस्तू आहे असे मी मानीत नाही. पेरणीच्या तोंडावर ज्याची मोटार चोरीस गेली त्या शेतकऱ्याला स्वातंत्र्यावरचे व्याख्यान ऐकवणे हा निर्दयपणा होईल, आणि एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरी रात्री गस्त यावी असे मलाही वाटते. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला आहे, ज्याच्याविषयी पुरावा आहे, त्याच्यावर कायद्याच्या मर्यादेत लक्ष ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. माझा आक्षेप याहून वेगळा आहे. स्वातंत्र्य देऊन सुरक्षितता घ्यावी, असे जेव्हा म्हणतात तेव्हा देणारा आणि घेणारा एकच आहे असे गृहीत धरलेले असते. मी माझे स्वातंत्र्य माझ्या सुरक्षिततेसाठी गहाण टाकले तर तो माझा शहाणपणा किंवा मूर्खपणा ठरेल, पण व्यवहार तरी माझा राहील. प्रत्यक्षात आम्ही पारध्याचे स्वातंत्र्य देतो आणि आमची सुरक्षितता घेतो. दुसऱ्याची मालमत्ता गहाण टाकून आपण कर्ज उचलावे तसा हा प्रकार आहे, आणि ते कर्जही बुडीत, कारण खरा चोर या काळात सुखाने पसार होतो.

यात कायद्याने आपले काम अगदीच केले नाही असे नाही. रात्री-अपरात्री दार ठोठावून घरात शिरण्याचा पोलिसांचा प्रघात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली खरकसिंगाच्या खटल्यात घटनाबाह्य ठरविला. नजर ठेवण्याचे बाकीचे प्रकार मात्र बहुमताने तसेच राहू दिले, आणि न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे भिन्न मत त्या वेळी अल्पमतातच राहिले. पुढे आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दादच मागता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघा न्यायमूर्तींनी दिला. आमच्या नागपूर खंडपीठासह निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी धैर्याने घेतलेली भूमिका त्याने खोडून काढली. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. पाचवे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी आपले भिन्नमत लिहिले, आणि पुढील जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलली गेली तेव्हा राजीनामा देऊन ते घरी गेले. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, आणि त्यातील मुख्य निकालपत्रात १९७६ चा तो निकाल गंभीरपणे सदोष ठरवून मोडीत काढणारे न्यायमूर्ती होते यशवंतरावांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड. बहुमत, पद, वडिलांची सही, यांपैकी कशाचीही भीड ज्यापुढे चालत नाही असे काही माणसाच्या आत असते, आणि राज्यसंस्थेला त्याची नोंद ठेवता येत नाही. आपल्या ठाण्यातील हवालदारालाही ते असते. पहाटे बेड्यावर जाऊन झोपलेल्या पोरांसमोर त्यांच्या बापाला गाडीत घालताना त्याचे मन त्याला काही म्हणत असेल, तर ते ऐकण्याची मुभा त्याला वरिष्ठांच्या लेखी हुकुमानेच मिळू शकते. म्हणून तर हे पत्र मी हवालदारास न लिहिता आपणांस लिहितो आहे.

पूर्वी हजेरीची वही जुनी झाली की वाळवी लागत असे, आणि वाळवीच्या कृपेने एखाद्या कुटुंबाची सुटका होत असे. आता तसे होणे नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांपासून डोळ्यांच्या बुबुळांपर्यंतची मापे घेण्याचा अधिकार दिला आणि ती पंचाहत्तर वर्षे जतन करण्याची तरतूद केली. २०२४ साली राज्य सरकारने पोलीस कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ‘मार्व्हल’ ही संस्था नागपुरात उभी केली. यंत्र हुशार असेल, पण ते शिकणार कशावरून? आजवर आपल्या दप्तरांत जे साठले आहे त्यावरूनच. ज्या नोंदींत एका समाजाची नावे वाजवीपेक्षा अधिक आहेत त्या यंत्राला शिकवल्या तर यंत्र तोच समाज पुन्हा दाखवील, आणि या वेळी ते गावकऱ्यांचे म्हणणे न राहता शास्त्राचा निर्णय म्हणून आपल्यापुढे येईल. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाविषयी जी चिंता राज्यभर व्यक्त झाली तिच्या मुळाशीही हीच भीती होती की, सरकारने संघटनेवर शिक्का मारावा आणि तो शिक्का तिच्याशी संबंध असलेल्या माणसांच्या कपाळी यावा. माझ्या त्या वकील मित्रांना मी इतकेच सांगतो की, बेड्यासाठी तयार केलेली वही बेड्यापुरती कधीच राहत नाही. तिची पाने वाढत जातात, आणि नव्या पानांवर कोणाची नावे येणार हे ठरविण्याचा अधिकार आपण आधीच देऊन बसलेले असतो.

आता माझी विनंती. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणाच्या निमित्ताने, स्वतः पुढाकार घेऊन, साऱ्या राज्यांना हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयितांची ठाण्यातील नोंदपत्रे, यांविषयीचे आपले धोरण पुन्हा तपासण्यास सांगितले आहे; मागासलेल्या व विमुक्त जातींच्या निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहाने त्यांत येतात ही भीती न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नमूद केली आहे, अज्ञान मुलांची नावे त्यांत घालू नयेत असे बजावले आहे, आणि हे कागद पोलिसांच्या अंतर्गत उपयोगासाठी आहेत, चव्हाट्यावर मांडण्यासाठी नाहीत, हेही सांगितले आहे. त्या निर्देशानुसार आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्याच्या नोंदींची तपासणी वरिष्ठ अधिकाऱ्याकरवी व्हावी. ज्याच्यावर एकही गुन्हा शाबीत नाही आणि वर्षानुवर्षे नवी फिर्याद नाही त्याचे नाव कमी व्हावे, व तसे त्याला लेखी कळवावे. संशयित म्हणून कोणाचे छायाचित्र गावाच्या मोबाईल गटांवर जाऊ नये अशी ताकीद पोलीस पाटलांना द्यावी. आणि जुन्या नोंदी नव्या यंत्रात चढविण्यापूर्वी ही तपासणी पुरी व्हावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, शासनाच्या अनुदानाची नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे.

याचबरोबर माहितीच्या अधिकाराखाली मी आपल्या कार्यालयात एक स्वतंत्र अर्ज दाखल करीत आहे. त्यात कोणाचेही नाव मागितलेले नाही. जिल्ह्यात आज किती हिस्ट्रीशीट उघड्या आहेत, त्यांपैकी किती माणसांवर एकही गुन्हा शाबीत झालेला नाही, आणि ७ मे २०२४ नंतर किती बंद करण्यात आल्या, एवढे तीन आकडे मागितले आहेत. ते मिळताच मी ते कारंजा, मंगरूळपीर आणि मानोरा येथील बेड्यांवर व तांड्यांवर जाऊन वाचून दाखविणार आहे, आणि आपण किंवा आपले कोणी अधिकारी त्या वेळी सोबत आले तर तेथे आपणांस आदराने बसवून घेतले जाईल, याची हमी मी देतो.



आपला,
वाशिम जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक